हात न लावण्याची परीक्षा

तीर्थस्वरूप अक्का हिच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या वाकत नाही. तेवढं वजा जाता उरलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघा ताळ्यावर आला की बाकी पोचती करीन.)

तुझा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला पूर्वी दिसत नव्हतं तेही दिसायला लागलं आहे, अशी तक्रार भाऊजींनी फोनवर केली. आवाज फार खोल गेला होता बिचाऱ्यांचा. डोळ्यात औषध घालताना ते नेम धरून गालावर घालतात असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. तर आता तू सरळ गालच पुढे करत जा, म्हणजे थेंब डोळ्यात पडेल. त्यांच्या खोकल्याला आराम असेल अशी आशा आहे, आणि नसला तरी तुझ्यासमोर ते खोकत नसतील अशी खात्री आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. अगं, फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान मला मध्येच कोणी तोडत नाही. आणि ‘याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम निघालं असणार’ असं म्हणत तू चष्मा शोधायला लागली असशील, तर आधीच सांगून टाकतो: काम काही नाही. नुसती ख्यालीखुशाली.

तर खुशाली अशी, की या वयात, केस आणि दात दोघंही निवृत्तीच्या वाटेला लागलेले असताना, मी परीक्षेत नापास झालो. लेकीला शाळेत गुण कमी पडले की मी तिला जे जे सुनावत असे, ते सगळं तिनं जपून ठेवलं होतं असं आता कळतं. परवा तिनं ते एकेक करून, अगदी माझ्याच आवाजात, मला परत केलं.

परीक्षा लिफ्ट-तपासनीसाच्या परवान्याची. नवा नियम असा झाला आहे, की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं ती सुरक्षित आहे असं स्वतःच म्हणायचं नाही. ते परवानाधारक तपासनीसानं येऊन म्हणायचं. (स्वयंपाक करणारीनं आपणच ‘छान झालंय’ असं जाहीर करू नये, हे तत्त्व तू आमच्या घरी फार पूर्वीच लागू केलं होतंस. सरकारला सुचायला वेळ लागला.) आता तू म्हणशील, इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोस, तेच करत राहा. राहिलो असतो. पण डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला, मान हलवली आणि म्हणाले, ‘शिडी बंद.’ लिफ्टच्या मेकॅनिकला शिडी बंद म्हणजे गवयाला गळा बंद. उतरायचं असतं खालच्या खड्ड्यात, चढायचं असतं पिंजऱ्याच्या माथ्यावर, आणि दोन्हीकडे शिडीशिवाय वाट नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. (आमचे साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, त्यामुळे वाईट बातमी देताना फार आदरानं बोलतात. ते ‘शास्त्रीबुवा’ म्हणाले की मी खुर्ची धरतो.) म्हणाले, ‘शास्त्रीबुवा, तपासनीस व्हा. जिन्यानं मशीनरूमपर्यंत जायचं, खड्ड्यात टॉर्चनं डोकावायचं, बघायचं आणि लिहायचं. गुडघ्याचा प्रश्नच नाही. एकदा हुकलात तर आणखी एकदा बसता येतं. तेही नाही जमलं, तर मग गोदाम आहेच.’ अक्का, ते गोदाम तू पाहिलेलं नाहीस. तळघरात आहे. एकच दिवा, तोही मनात आलं तर लागणारा. जुन्या लिफ्टची बटणं, घासलेली चाकं, कोणालाच नको असलेले बोल्ट. तिथला आधीचा माणूस शेवटी शेवटी बेअरिंगांशी बोलायचा, आणि बेअरिंगं उलट उत्तरं देतात अशी तक्रार साहेबांकडे करायचा. लिफ्टच्या कामात माणसाची प्रगती खालून वर व्हावी अशी साधारण अपेक्षा असते. माझं मशीनरूमहून तळघरात जाणं म्हणजे सगळ्या हयातीचं बटण कोणीतरी उलटं दाबल्यासारखं.

लेखी परीक्षेत मी पहिला आलो. यात माझं कौतुक काही नाही, सगळं गुरुजींचं. वडिलांनी मला पाठशाळेत घातलं ते मी पंडित व्हावं म्हणून. न्यायशास्त्रात ‘अभाव’ या प्रकरणापर्यंत माझी मजल गेली आणि पुढे नोकरीच्या अभावानं मला लिफ्टच्या कंपनीत आणून सोडलं. पण एकदा पाठांतराची वाट पडली की तिच्यावरून काहीही चालतं. सुरक्षानियमांचं ते जाडजूड पुस्तक मी चालीत बसवलं. ब्रेकचं प्रकरण तर असं काही सुरेल झालं, की अंघोळ करताना म्हणत होतो तर शेजारच्या शिंपीकाकांनी हिला विचारलं, ‘वहिनी, कुठलं स्तोत्र हो हे? मन शांत होतं.’

घोटाळा झाला तो प्रात्यक्षिकात. गावाबाहेर एका शेडमध्ये परीक्षेसाठी म्हणून खरीखुरी तीन मजली लिफ्ट उभी केली आहे. ती वर जाते, पण वर कोणी राहत नाही. परीक्षक म्हणजे एक किडकिडीत, सारखे घसा खाकरणारे, शर्टाच्या खिशाला पेनांची रांग लावणारे गृहस्थ. ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन स्वतःच्या हातानं त्या लिफ्टमध्ये दोष पेरून ठेवतात. इथं एक बोल्ट सैल कर, तिथं एका झाकणाचा स्क्रू काढ, दाराच्या खाचेत खडा टाक. उमेदवारानं एकट्यानं आत जायचं, दोष हुडकायचे, कागदावर लिहायचे, बाहेर यायचं. नियम एकच, आणि तो दारावर भल्यामोठ्या अक्षरांत लावलेला: ‘कशालाही हात लावू नये.’ मी तो लक्षपूर्वक वाचला. वाचता वाचता दिसलं की पाटी डावीकडे झुकली आहे. ती मी सरळ केली. खरं तर इथंच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

आत गेलो. पहिल्याच मजल्यावर दाराचा रोलर डुगडुगत होता. अक्का, ज्यानं डुगडुगणारा रोलर पाहून हात मागे घेतला असेल, त्याला मी ऋषी म्हणेन. माझ्या वरच्या खिशात माझा छोटा पाना होता. (तो बाहेर टेबलावर ठेवायला हवा होता हे खरं, पण तो मी कधी काढून ठेवतो? आमच्या लग्नाच्या फोटोतही माझ्या खिशातून तो डोकावतो आहे, आणि ही आजही त्या फोटोकडे बघून ‘आम्हा तिघांचा’ असं म्हणते.) हात कधी वर गेला, पाना कधी फिरला, मला खरंच कळलं नाही. पुढे खाचेतला खडा दिसला, तो उचलून खिशात टाकला. मशीनरूममध्ये झाकण लटकत होतं, ते नखानं बसवलं. तेल ओघळलं होतं, ते रुमालानं पुसून गळतीचा नट आवळला. मधल्या मजल्यावर दार खडखडत होतं, तिथं जरा जास्त वेळ गेला, कारण रोलरच उलटा बसवलेला होता. असं सगळं निर्मळ झाल्यावर, मन कसं प्रसन्न होतं ना, तशा प्रसन्न मनानं मी कागद हातात घेतला.

कागदावर प्रत्येक भागापुढे दोन चौकटी. एक ‘दोष आहे’, दुसरी ‘दोष नाही’. आता आली का पंचाईत? आहे म्हणावं, तर तो आता नव्हता. नाही म्हणावं, तर तो मघाशी होता. गुरुजींनी आम्हाला नसण्याचे चार प्रकार शिकवले होते. वस्तू अजून झालेलीच नसते तेव्हाचं नसणं वेगळं, आणि असलेली वस्तू नाश पावल्यावरचं नसणं वेगळं; मडकं फुटल्यावर मडकं नसतं, तसं. त्याला प्रध्वंसाभाव म्हणतात. माझ्यासमोर होता तो शुद्ध, सुंदर, पाठ्यपुस्तकात शोभेल असा प्रध्वंसाभाव, आणि सरकारी कागदावर त्याला चौकट नव्हती. मी दार किलकिलं करून परीक्षकांना विचारलं, तिसरी चौकट आखून घेऊ का? ते म्हणाले, ‘प्रश्न विचारायचे नाहीत.’ तेव्हा सत्याला स्मरून सगळीकडे ‘दोष नाही’ अशी खूण केली आणि बाहेर आलो.

कागद बघून त्यांचा चेहरा उजळला. इतका आंधळा आणि इतका निश्चिंत उमेदवार त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नसावा. मला घेऊन ते आत शिरले. ‘हा रोलर दिसला नाही तुम्हाला?’ म्हणत त्यांनी रोलरला बोट लावलं. रोलर ढिम्म. त्यांनी दोन बोटं लावली. मग मूठ. मग ते खाचेपाशी वाकून खडा शोधायला लागले. मग मशीनरूमकडे जवळजवळ धावले. माणूस आपला चष्मा स्वतःच्याच कपाळावर असताना घरभर कसा शोधतो, तसं चाललं होतं.

‘मी सकाळी सैल केला होता हो!’

‘होता,’ मी म्हणालो.

तेव्हा त्यांची नजर माझ्या खिशातल्या पान्यावर गेली. तिथून तेलानं काळ्या झालेल्या रुमालावर. मग ते खाली बसले.

‘शास्त्री, तुम्ही परीक्षेला आलात की कामाला?’

‘हात गेला, साहेब.’

‘तो परत कधी यायचा?’

मी त्यांना प्रध्वंसाभाव समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि मग जे म्हणाले ते मात्र मला अजून टोचतं आहे. म्हणाले, ‘अहो, तुम्ही तो आवळलात, ठीक. पण सैल का झाला होता, हे आता कोणाला कळणार? कागदावर तर काहीच नाही. पुढच्या महिन्यात तो परत सैल होणार, आणि तेव्हा आत माणसं असणार. दुरुस्ती करणारा दोष मिटवतो. तपासनीसानं तो मिटू द्यायचा नसतो.’ निघताना त्यांनी विचारलं, ‘आणि ते मधल्या मजल्यावरचं दार? ते आम्ही बिघडवलेलं नव्हतं. वर्षभर तसंच खडखडत होतं. ते कसं थांबलं?’

‘रोलर उलटा बसवला होता कोणीतरी.’

‘मी,’ ते म्हणाले, आणि कागदावर शून्य काढलं. चांगलं गोल, ठसठशीत काढलं.

(माझ्यामागे दोघं उमेदवार थांबले होते. त्यांना तासभर बसावं लागलं. परीक्षकांना सगळे दोष नव्यानं पेरायचे होते. एक बोल्ट मी असा काही आवळला होता, की तो सैल करायला त्यांनी माझाच पाना मागून घेतला.)

घरी आलो. हिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘सगळं नीट केलंत म्हणून नापास? हे बाई तुम्हालाच जमायचं!’ पण खरा भडका पुढे उडाला. ‘आणि तिथं परक्याच्या शेडमध्ये हात शिवशिवतात, आं? मग आमच्या मोरीतला नळ वर्षभर ठिबकतोय, तेव्हा कुठं गेले होते हे हात?’ मी पेपर उघडला.

दुसरी खेप पुढच्या महिन्यात आहे, आणि तीच शेवटची. साहेबांनी गोदामाची किल्ली कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. नुसती ठेवली आहे. तेव्हा लेकीनं अभ्यासाची सूत्रं हातात घेतली. ‘बाबा, पुस्तक मिटा. तुमचा अभ्यास हाताचा आहे,’ म्हणाली. तिची पद्धत अशी: सकाळी उठून तिनं घरात काहीतरी बिघडवून ठेवायचं, मी हात पाठीशी बांधून घरभर हिंडायचं आणि दोष नुसते लिहायचे. मी स्वतःसाठी एक सूत्रही रचलं, ‘हस्तौ पृष्ठे निधाय निरीक्षेत’, म्हणजे हात पाठीवर ठेवून पाहावं, आणि ते कागदावर लिहून आरशावर चिकटवलं. आरसा जरा हलत होता. तो आधी पक्का केला.

एक दिवस गेला, दोन गेले, आणि ही घरातल्या घरात एका मोठ्या शोधापाशी पोचली. इतकी वर्षं ‘अहो, तेवढा नळ बघा ना’ असं म्हटलं की मी पेपर उघडत असे. आता तिनं मोरीच्या दारात उभं राहून सहज म्हटलं, ‘हे बघा, त्या नळाला अजिबात हात लावायचा नाही हं. सराव आहे तुमचा.’ बस्स. जेवायच्या आत नळ बंद. मग म्हणाली, ‘ते कपाटाचं दार लागत नाही, पण तुम्ही तिकडे बघूच नका कसे.’ लागायला लागलं. इस्त्री, पंखा, माळ्याची कडी, शिडीचा पाय (ती शिडी, जिच्यावर मला चढायला बंदी आहे), सगळं एका आठवड्यात ठणठणीत. आपला संसार इतकी वर्षं कशानं अडला होता हे तिला उमगलं आणि ती गाणं गुणगुणायला लागली. लेक मात्र कपाळाला हात लावून बसली, कारण घरात बिघडवायला काही उरलंच नाही.

अभ्यासाची ही कीर्ती भिंतीपलीकडे गेली. शिंपीकाका आले. ‘शास्त्री, आमच्याकडे या की अभ्यासाला. मशीनचा पट्टा सुटतोय, खिडकी मिटत नाही. नुसतं बघा हं, नुसतं!’ मी गेलो, नुसतं बघितलं, आणि तासाभरानं काका मिटलेल्या खिडकीशी उभं राहून मला चहा देत होते. पण माणूस सरळ. त्यांना पुढे वाईट वाटलं, आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांनी माझ्यासाठी खास शर्ट शिवला: दोन्ही बाह्या पाठीमागे एकमेकींत बटणानं अडकवता येतील असा. तो घालून मी आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर सरावाला उभा राहिलो. (ती दुसऱ्या कंपनीची आहे, त्यामुळे तिच्यातल्या दोषांकडे पाहताना मला एरवीही एक वेगळाच आनंद होतो.) येणारीजाणारी माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग माझ्या बांधलेल्या हातांकडे, आणि मग जिन्यानं जायची. तळमजल्यावरच्या आजींनी हिला बोलावून हळूच विचारलं, ‘काय गं, घरी आवरत नाहीत का आता?’ दुसऱ्याच दिवशी त्या शर्टाचं बटण लोंबायला लागलं. मी शर्ट उतरवला आणि बटण पक्कं शिवून टाकलं. म्हणजे हात मोकळे करून हात बांधायचं साधन दुरुस्त केलं. लेकीनं वर आणखी विचारलं, ‘बाबा, हात मागे बांधल्यावर कागदावर लिहिणार कशानं?’ त्या शर्टाचा अभ्यास तिथंच संपला.

अशा अवस्थेत परवा दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत बसलो होतो आणि मला एकदम तू आठवलीस. मागच्या खेपेला तू आलीस ती याच खुर्चीत बसलीस. दोन्ही हात मांडीवर. इकडचा पेला तिकडे केला नाहीस. आणि बसल्याजागी म्हणालीस, पडदा लांडा नाहीये, दांडी डावीकडे उतरली आहे. शेगडीची ज्योत पिवळी आहे, म्हणजे भोकं तुंबली आहेत. घड्याळ पुढे जातं आहे कारण कोणीतरी ते रोज पुढे करतं आहे. (मी. ही वेळेवर निघावी म्हणून. त्यावर त्या दिवशी आमच्याकडे बरंच बोलणं झालं.) एकाही गोष्टीला हात लावला नाहीस, एकही सोडली नाहीस, आणि प्रत्येकीचं कारण दिलंस. तू गेल्यावर दोन दिवस ही पडद्याशीसुद्धा बोलत नव्हती. आज मला कळतं, अक्का, की त्या शेडमध्ये माझ्याकडून हवं होतं ते नेमकं हेच. त्या परीक्षकांनी तुला पाहिलं असतं तर पेनांची सगळी रांग काढून तुझ्या पुढ्यात ठेवली असती.

आणि मी चहा घेऊन आलो तेव्हा माझ्याकडे बघत म्हणालीस, ‘उजवा पाय टेकताना श्वास धरतोस. कधीपासून?’ मी हसण्यावारी नेलं. ही म्हणाली, ‘वन्सं, चहा तरी घेऊ द्या त्यांना!’ त्या वेळी विजारीच्या आत गुडघ्याला पट्टा आवळलेला होता, कोणाला दिसणार नाही असा. दुखलं की आणखी एक घर आवळायचो. आपला बोल्ट आपणच आवळत बसलो. तो सैल का होतो आहे हे तुझ्याशिवाय कोणी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले, तेव्हा आला असतात तर शिडी सुटली नसती. असो. तुझ्या या दृष्टीला आम्ही आजवर टोमणे म्हणत आलो. (काही टोमणेही होते. खाणीतून सोनं निघतं तिथं थोडी माती येणारच.)

बाकी विशेष नाही. भाऊजींना नमस्कार सांग आणि तू घरात नसताना मनसोक्त खोकून घ्यायला सांग. प्रकृतीस जपावं, डोळ्याला पाणी लावू नये, आणि धाकट्यावरचा लोभ, परीक्षेच्या निकालाकडे न पाहता, आहे तसा चालू ठेवावा.

तुझा,
(पदव्यांच्या जागी अजून काहीच न लिहिणारा) धाकटा

ता. क. काम एकच आहे. परीक्षेच्या आधी आठवडाभर तू इकडे येऊन त्या खुर्चीत बसावंस. लेक रोज काहीतरी सैल करून ठेवील. मी तुझ्याशेजारी स्टुलावर बसेन, हात मांडीवर. तू बघतेस कशी ते मी बघेन. आणि माझा हात खिशाकडे जायला लागला की तू फक्त माझ्याकडे पाहायचं, बोलायचं काही नाही. लहानपणी लाडवाच्या डब्यावर गेलेला माझा हात तू ज्या नजरेनं झाकणाच्या अलीकडेच थांबवायचीस, ती नजर अजून शाबूत असेल असं धरून चालतो. (मोतीबिंदू काढल्यावर तर तिला धारच आली असेल.) नाही आलीस तर साहेब ती किल्ली माझ्या हातात देतील, आणि तू पुढे केव्हा आलीस की मी तुला बेअरिंगांची ओळख करून देईन.

ता. क. दुसरा. ही खांद्यावरून हे सगळं वाचते आहे. ‘वन्संना म्हणावं, जरूर या,’ हे शब्द तिचे आहेत, मी घातलेले नाहीत. हे पत्र तू जपून ठेवावंस, असे शब्द वरचेवर मिळत नाहीत. तिची अट एकच: स्वयंपाकघर परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

ता. क. तिसरा, पाकीट चिकटवल्यामुळे त्याच्या पाठीवर. हे पत्र टाकायला कोपऱ्यावर गेलो होतो. टपालपेटीच्या झाकणाचा स्क्रू सैल झाला आहे आणि झाकण तिरकं होऊन फट बंद झाली आहे. मी थांबलो. पाहिलं. हात पाठीवर. कारणही हुडकलं: कुठल्यातरी गाडीनं पेटीला धक्का दिला आहे, बिजागरी वाकली आहे. हात लावला नाही, अक्का, शपथेवर सांगतो! छाती पुढे काढून घरी आलो. ही दारातच म्हणाली, ‘टाकलंत?’ पाकीट हातात होतं. आता परत निघतो आहे. दुसरी पेटी बाजाराच्या पार पलीकडे आहे आणि तिथवर गुडघा येत नाही. पाना खिशात आहे. गुरुजी शिकवत, धूर दिसला की तिथं विस्तव आहे असं समजावं. तसं, हे पत्र तुझ्या हातात पडलं की इकडे काय झालं ते तू समजशीलच. मिळेल त्या गाडीनं ये.